लांब यादी डावीकडे

फोरमनकाकांना काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं तर जास्तच काळजी वाटे, की अजून कसं काही झालं नाही! घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, जिना उतरून परत चढायचं, चौथ्यांदा ओढायचं आणि कोपऱ्यावर पोचल्यावर आपण ते चौथ्यांदा ओढलं होतं का, या विचारानं उभं राहायचं, हा त्यांचा रोजचा नेम. "ह्यांच्या पोटातला गोळा म्हणजे जुना भाडेकरू," काकू सांगायच्या. "आमच्या लग्नाआधीपासून राहतोय. आता काय निघतोय!"

सांजेच्या पेपरात मात्र या गोळ्याला मान होता. पेपर दुपारी चारला निघायचा आणि त्याचं पान लावायचं काम काकांकडे होतं. जुळाऱ्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून बातमी तयार केली, की ती दोऱ्यानं बांधून पत्र्याच्या तबकात त्यांच्यापुढे यायची. दगडी टेबलावर लोखंडी चौकट मांडलेली असे. तिच्यात मथळे, बातम्या, जाहिराती बसवायच्या, फटीत लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या आणि सगळं असं आवळायचं की चौकट उचलली तरी एक खिळा खाली पडता कामा नये. काकांच्या हातून एकतीस वर्षांत एकही पडला नव्हता. या कामाला छापखान्यात मेकअप म्हणत. लग्न ठरलं तेव्हा मुलगा मेकअप करतो एवढंच सासऱ्यांच्या कानावर गेलं होतं आणि आपली मुलगी नाटकवाल्याला दिली म्हणून ते वर्षभर धास्तावलेले होते.

इतकी वर्षं पेपरात काढून काकांनी पेपर कधी वाचला नाही. त्यांना तो उलटा दिसायचा, शिशातला. बातमी म्हणजे सहा इंच, मोठी बातमी म्हणजे अकरा इंच. मंत्रिमंडळं पडली, युद्धं झाली, पूर आले, ते सगळं काकांच्या हातांतून गेलं आणि डोक्याला शिवलंसुद्धा नाही. संध्याकाळी काकू पेपर वाचून त्यांनाच बातम्या सांगायच्या आणि काका "असं होय?" म्हणत ऐकायचे.

पेपर काढला तो मोठ्या साहेबांनी, एका भाड्याच्या खोलीत, पायानं मारायच्या यंत्रावर. अग्रलेख उभ्यानंच लिहायचे. बसलं की भाषा बसते, म्हणायचे. दोनदा सरकारनं छापखान्याला टाळं ठोकलं, दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्याच्या छापखान्यातून अंक काढला. त्यांच्यामागे जावई आले. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण मोठं यंत्र त्यांनीच आणलं. त्यानंतर आताचे संपादक. हे लिहायचेही बरे आणि हिशेबातही बरे, पण घाई करायची खोड. मोठ्या साहेबांचं एक वाक्य मात्र भिंतीवर न टांगताही टिकून होतं: छापलं म्हणजे शपथ घेतली. नवा माणूस लागला की काका त्याला एवढं एकच ऐकवत. बाकीचं काम तू बघून शीक, म्हणत.

आणि बघून शिकण्यासारख्या गोष्टींत एक होती. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, घड्याळवाल्याची जाहिरात. मोठ्या साहेबांच्या काळापासून ती तिथंच. संपादक बदलले, जाहिरात हलली नाही. त्यामुळे उजवीकडचा रकाना नेहमी तोकडा. म्हणून काकांचा नियम असा, की दोन मजकूर शेजारी आले तर लांब डावीकडे आणि आखूड उजवीकडे. हा नियम त्यांच्या डोक्यात नव्हता, हातांत होता. झोपेत उठवून दोन रकाने दिले असते, तरी लांबडा त्यांनी डावीकडेच ठेवला असता.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्याचं छप्पर पाळीवरच्या माणसांवर कोसळलं. दहा वाजता बातमीदार धावत आला आणि उभ्याउभ्याच परत गेला. काकांच्या मनात पहिल्यांदा आली ती खालच्या मजल्यावरची शिवणवाली. तिचा नवरा त्याच कारखान्यात होता. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. काकूंना मूलबाळ नाही, तेव्हा ती दोघं म्हणजे काकूंना पोटचीच. पण या आठवड्यात त्याची दुपारची पाळी आहे, असं काकांनी मनाशी घोळवलं आणि चक्क त्यावर विश्वास ठेवला. जन्मभर फुकटची काळजी केलेल्या माणसानं नेमका त्याच दिवशी स्वतःला धीर दिला.

दीडला बातमीदार रुग्णालयातून याद्या घेऊन आला. नऊ ठार, एकवीस जखमी. प्रत्येकाचं नाव, वय, राहण्याची जागा. छपाईआधीची कच्ची मुद्रितं तपासणारे चष्मेवाले एरवी चहा पीत काम करायचे, त्या दिवशी त्यांनी कप बाजूला सारला आणि तिन्ही वेळा बोट ठेवून नावं वाचली. एका काना-मात्रेची चूक राहिली नाही. तोवर संपादकांनी कागदावर पान आखून दिलं होतं: डावीकडे 'ठार', उजवीकडे 'जखमी'. काकांनी दोन्ही ठळक मथळे चौकटीत बसवून आवळून टाकले.

याद्या तबकात आल्या तेव्हा तीनला दहा कमी होते. बाहेर दुसऱ्या पेपरचा विक्रेता ओरडत चालला होता. त्यांचा अंक निघालासुद्धा! संपादक दगडी टेबलाशी येऊन उभे राहिले, एकदा घड्याळाकडे बघत आणि एकदा काकांच्या हातांकडे.

"किती वेळ?"

"एकवीसची यादी उजवीकडे मावत नाही. खाली जाहिरात आहे."

"बसवा हो कशीही. तुम्हाला काय सांगायचं!"

आणि काकांच्या हातांनी बसवली. लांब डावीकडे, आखूड उजवीकडे. दोन्ही रकाने तळाशी असे जुळले, की पट्टीसुद्धा ठोकावी लागली नाही. वरचे मथळे आधीच आवळलेले होते. ते जागचे हलले नाहीत.

"एक मुद्रित काढून बघू," काका म्हणाले. हे ते रोजच म्हणत.

"राहू दे. नावं तीनदा तपासलीत. चढवा यंत्रावर."

चढवलं.

रोज पहिली चांगली प्रत यंत्रवाला काकांना आणून देई. शाई बघायची, रकान्यांमधल्या रेघा सरळ आहेत का बघायचं आणि मान हलवायची. त्या दिवशी घाईत तो आधी गठ्ठे बांधत बसला आणि प्रत आली तेव्हा साडेतीन होत आले होते. काकांनी अंक हातभर लांब धरला. रकाने झकास जुळले होते. मग नजर वर गेली. 'ठार' या शब्दाखाली लांबच लांब यादी होती. काकांनी बोटानं मोजायला सुरुवात केली आणि बारावर पोचल्यावर मोजणं सोडून दिलं. उजवीकडे, 'जखमी'च्या खाली, नऊ नावं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते आपला पेपर वाचत होते. सहाव्या नावाशी ते थांबले. नाव, वय एकोणतीस, खाली त्यांच्याच गल्लीचा पत्ता.

"थांबव!" ते असे ओरडले, की यंत्रवाल्यानं आधी पट्टा ओढला आणि मग कोण ओरडलं ते बघितलं.

संपादकांनी अंक पाहिला आणि खुर्चीत बसले. "किती गेले?"

"सहाशे," यंत्रवाला म्हणाला.

"कुठं?"

"पहिला गठ्ठा असतो तिकडेच. कारखान्याकडच्या वस्तीत, काकांच्या गल्लीपासून रुग्णालयापर्यंत. लांब पडतं ना."

सगळ्या शहरात ज्या वस्तीत हा अंक जायला नको होता, तिथंच तो गेला होता. संपादकांनी सायकलवाल्याला गठ्ठ्यामागे पिटाळलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं, की विकलेला पेपर काही गाईसारखा वळवून आणता येत नाही. "उद्या पहिल्या पानावर चूक कबूल करू," ते म्हणाले. "मुद्रित नको मीच म्हणालो होतो. नाव माझं घाला." तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. काकांनी चौकट सैल केली, मथळ्यांची अदलाबदल केली, परत आवळली. चार मिनिटं लागली. हात जरासुद्धा कापले नाहीत, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. मग अंगावरचा काळा पडलेला एप्रन तसाच ठेवून ते रस्त्यावर आले. पाळी सोडून मध्येच निघायची ही त्यांची पहिलीच वेळ.

बसमध्ये पुढच्या बाकावर एक गृहस्थ तोच अंक उघडून बसले होते. "एकवीस गेले हो," ते शेजाऱ्याला म्हणाले. शेजाऱ्यानं च् च् केलं. काकांना वाटलं, उठावं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा आणि सांगावं, नाही, नऊच. गृहस्थ एका थांब्यावर उतरून गेले.

जिवंत माणसाला मेला म्हटलं तर घरचे दोन तास ऊर बडवतील, काका मनाशी म्हणत होते. मग तो दिसेल आणि सगळे छापखान्याला शिव्या देत आनंदानं रडतील. ते निस्तरता येईल. पण मेलेल्याला जिवंत म्हणून सांगितलं, तर त्या माणसाला घरच्यांसाठी परत एकदा मरावं लागतं. आणि ते कोणाच्या तोंडून? काकांनी अंदाज केला. गल्लीच्या दुकानात आज पेपर साडेतीनलाच पोचला असणार. आता चार वाजायला आले. शिवणवालीनं आज पेपर घेतलाच नसेल तर? कापडं बेतत बसली असेल तर? काळजी करणाऱ्या माणसाला आशाही फार चिकट असते.

खालच्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. शिवणयंत्रावर पेपर पसरलेला होता, शेजारी काकू डोळे पुसत हसत होत्या.

"अहो, तुमच्या पेपरनं जीव भांड्यात पडला बघा!" काकांना बघताच त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोरगी कारखान्याच्या फाटकाशी उभी. ते म्हणतात रुग्णालयात विचारा, रुग्णालयात म्हणतात यादी लागेल तेव्हा लागेल. शेवटी मी म्हटलं, घरी चल, ह्यांचा पेपर येईल, त्यात खरं काय ते कळेल."

शिवणवाली आतून कपड्यांची पिशवी भरून घेऊन आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले आणि तोंडभर हसू. "काका, जखमींत नाव आहे ह्यांचं. वय, पत्ता, सगळं बरोबर. हे पान तुम्हीच लावलंत ना?"

"हो," काका म्हणाले. "मीच."

"तुमच्या तोंडात साखर पडो!"

"पोरी, ऐक जरा. मी काय म्हणतो..."

"वाटेत सांगा हो काका. बस चुकेल." तिनं यंत्राच्या खणातून कंगवा काढून पिशवीत टाकला. "ह्यांना विस्कटलेले केस चालत नाहीत. पाय मोडला असेल तरी आधी कंगवा मागतील."

काकूंनी पिशवी तिच्या हातातून काढून काकांच्या हातात दिली. "तुम्ही जा तिच्याबरोबर. एकटीला नको पाठवायला. आणि हे काय, एप्रन तरी काढा!"

काकांनी एप्रन काढला. वाटेत सांगू, असं त्यांनी ठरवलं. चार भिंतींत काकूंसमोर सांगण्यापेक्षा ते बरं. निदान त्या क्षणी त्यांना तसं वाटलं, आणि भित्र्या माणसाला पुढची जागा नेहमीच सोयीची वाटते.

वाटेत तिचं तोंड थांबलं नाही. सकाळी तो जाताना दोघांचं भांडण झालं होतं, क्षुल्लक, उशीच्या अभ्र्यावरून. पाळी बदलून घेतली ते त्यानं आदल्या रात्री सांगितलंच नव्हतं, म्हणून ती आणखी चिडली होती. "आता आयुष्यात परत भांडणार नाही," ती म्हणाली आणि लगेच हसली, "म्हणजे आठवडाभर तरी." काका पिशवी छातीशी धरून वाक्यं जुळवत होते. पेपरात चूक झाली आहे. हे फारच आखूड. पोरी, मन घट्ट कर. हे ऐकल्यावर ती पुढचं ऐकणारच नाही. एक वाक्य बरं वाटलं, ते त्यांनी मनात दोनदा म्हटलं आणि तेवढ्यात बस थांबली.

रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत एक कारकून बसला होता. काकांना वाटलं, सुटलो. याच्यापाशी खरी यादी असणार, हाच सांगेल. शिवणवालीनं नाव सांगितलं. कारकुनानं कोपराखालून घडी घातलेला पेपर ओढला, काकांनी दीड तासापूर्वी लावलेल्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जखमी आहेत. दुसरा मजला, पुरुषांचा कक्ष. कारखान्याचे सगळे तिथंच आहेत."

"तुमची वही बघा ना," काका म्हणाले.

"वही वर गेलीय. पेपरात छापून आलंय की, आणखी काय पाहिजे?"

ती एव्हाना जिन्यावर होती. काका तिच्यामागे चढले. जिन्याच्या खिडकीतून मागच्या अंगणातला आवाज येत होता. पाच-सात माणसं मोठ्यानं रडत होती. ज्यांची माणसं वर खाटांवर जिवंत होती, ती तिथं शवगृहाच्या बंद दाराशी रडत होती. काकांना ते कळलं. शिवणवाली क्षणभर थांबली. "बिचारे," ती म्हणाली आणि पुढे गेली.

कक्षात दोन्ही भिंतींना लागून खाटा होत्या. ती पहिल्या खाटेशी गेली, वाकली, तो नव्हता. दुसऱ्या. तिसऱ्याचं डोकं आणि चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेले होते, तिनं चादर किंचित सारून त्याची पावलं पाहिली. चौथा माणूस जागा होता. "बाई, आमच्या घरून कोणी आलंय का खाली?" त्यानं विचारलं. "येतील, येतील," तिनं सांगितलं. प्रत्येक खाटेशी काका ठरवत होते, आता. आणि प्रत्येक खाटेशी ती पुढे सरकत होती. एका भिंतीच्या खाटा संपल्या. दुसऱ्या भिंतीशी तिची चाल मंदावली. प्रत्येक चेहऱ्याकडे ती आता जास्त वेळ बघू लागली, जणू नीट बघितलं तर त्यातला एखादा तिचा निघेल. काकांच्या हातातल्या पिशवीचे बंद घामानं भिजले होते.

शेवटच्या खाटेशी ती उभी राहिली. तिथं एक म्हातारा झोपला होता. ती वळली आणि खाटांवरून परत नजर फिरवली, ओठ हलत होते.

"काका, इथं एकवीस माणसं आहेत."

काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पेपरात जखमी नऊच होते. मी मोजले होते. ह्यांचं सहावं होतं." ती त्यांच्याकडे बघत होती. "काका?"

बसमध्ये जुळवलेलं वाक्य काकांना आठवेना. "नावं सगळी बरोबर आहेत, पोरी," ते म्हणाले. "मथळे चुकले. ही एकवीसची यादी... लांब यादी डावीकडे ठेवायची सवय आहे मला. मी रकाने फिरवले आणि मथळे तसेच राहिले. माझ्या हातून झालं."

तिनं परत एकदा खाटांकडे बघितलं. मग तिला कळलं. कळताना तिच्या चेहऱ्यावर जे झालं, ते काकांना बघवेना, पण त्यांनी मान खाली घातली नाही. रडू आलं नाही तिला. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही घरी आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणायला जागा होती. इथं आल्यावर कळलं, असं म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"हो," काका म्हणाले.

"बसमध्ये?"

"हो."

"आणि मला एकवीस माणसांची तोंडं बघू दिलीत."

यंत्र थांबवता आलं, मथळे चार मिनिटांत बदलता आले, पण घरापासून इथपर्यंतचा तासभर काकांनी स्वतः, शुद्धीवर असताना केला होता. त्यात ना घाई होती ना हाताची सवय.

तिनं त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"आता तरी नीट सांगा," ती म्हणाली. "कुठं जायचं?"

"खाली. मागच्या बाजूला," काका म्हणाले आणि तिच्यापुढे जिना उतरू लागले.